वांदरं, वायरी आणि माझी कलमं

घरात नेट नीट चालावं एवढीच माझी अपेक्षा होती. त्यासाठी कुणी आचारसंहिता लिहायला बसत नाही. मी बसलो.

कारण आमची दीक्षा. ती पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला आहे, आणि या वर्षी पाऊस संपता संपता घरून काम करायची परवानगी घेऊन रत्नागिरीला आली. कॉलेजपासून बाहेर राहिलेली पोर घरात आली म्हटल्यावर सुनंदानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, रोज दोन दोन प्रकारचे मासे करायला सुरुवात केली. खूश मीही होतो. पण मी, गंगाराम तांबे, निवृत्त कार्यालय अधीक्षक, खुशी चेहऱ्यावर येऊ देणाऱ्यांपैकी नाही. दीक्षाच्या साहेबांनी, गौरवसर म्हणून कुणी आहेत, एकच अट घातली होती. लाइन जाता कामा नये. गेली, तर पुण्याला परत.

आणि लाइन रोज जायची.

आमची कॉलनी नाचणे रस्त्याच्या आतल्या बाजूला आहे. कातळ उतरत उतरत जिथे खोलगट होतो, नेमकी तिथेच घरं बांधायची बुद्धी बिल्डरला झाली. त्यामुळे मोबाइलची रेंज आमच्या डोक्यावरून परस्पर पलीकडच्या वाडीत जाते. गच्चीवरच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं तर थोडीफार मिळते, पण टाकीला पाठ लावून नोकरी होत नाही. म्हणून वायरीचं नेट. ते देणारे आमच्याकडे दोघं. 'दर्यानेट'चा बाळा शिवलकर, हा पूर्वी केबल टीव्ही द्यायचा. आणि 'झटपट ब्रॉडबँड'ची दमयंती सुर्वे, हिचं पूर्वी झेरॉक्सचं दुकान होतं. दोघांच्या वायरी त्याच खांबांवरून, त्याच माडांवरून आणि आमचे शेजारी गोपाळकृष्ण जोगळेकर यांच्या त्याच आंब्यांवरून जातात. आमच्याकडे दमयंतीचं कनेक्शन.

"दमयंती, लाइन गेली," मी फोन करायचा.

"भाऊ, वांदरांनी तोडली."

"बाळाची तोडली नाही. शेजारूनच तर जाते."

"वांदरं त्याचीच हायत," दमयंती म्हणायची.

बाळाला विचारावं तर तो सांगायचा, "काका, तिची वायर हलकी. वांदर बसला की तुटते. माझी बघा, माझ्यावर झोके घेतात." हे सांगताना त्याच्या खिशातून पक्कड डोकावत असायची. मी संशय घेणारा माणूस नाही, पण वांदरानं दातांनी तोडलेली वायर एवढी सरळ रेषेत कापलेली पाहून मला वांदराच्या दातांविषयी आदर वाटू लागला होता.

गोपाळकृष्णांचा सल्ला, "तांबेसाहेब, वर जा. लेखी तक्रार करा. तुम्हाला काय, मसुदा म्हणजे तुमच्या डाव्या हाताचा मळ." स्तुतीला मी बळी पडत नाही. पण खरं आहे ते नाकारायचं कसं?

मी एका सरकारी कचेरीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही, मला याच गावात राहायचं आहे. तिथे बघतो तर बाळा आणि दमयंती आधीच उभे. लोंबत्या वायरींबद्दल दोघांना बोलावून घेतलं होतं. साहेब म्हणत होते, "हे बघा, आता धोरण स्वनियमनाचं आहे. आम्ही मध्ये पडणार नाही. तुम्ही सेवा देणाऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःची आचारसंहिता करा, स्वतः पाळा. नाही केलीत, तर आम्ही मध्ये पडू आणि सगळ्या वायरी उतरवू."

बाळानं ताबडतोब एक कागद पुढे केला. त्यानं परदेशातल्या कुठल्याशा इंटरनेटवाल्यांची संहिता नेटवरून काढली होती आणि संगणकाकडूनच मराठीत करून घेतली होती. साहेबांनी ती मोठ्यानं वाचायला घेतली.

"कलम एक. वाढपी कोसळल्यास ग्राहकास तत्काळ कळवावे व वाढप्यास लवकरात लवकर उभे करावे."

साहेबांनी कागद उलटून पाहिला आणि पुढे वाचलं.

"कलम दोन. ग्राहकाच्या घरातील बिस्किटे त्याच्या संमतीशिवाय गोळा करू नयेत."

"आम्ही कधीच नाय केली," दमयंती घाईघाईनं म्हणाली. "चहाबरोबर दिली तर माझी माणसं एखादं खातात."

आता माझ्यासारख्याला गप्प राहणं शक्य होतं का? मी तिथल्या तिथे, उभ्यानं, 'कोसळल्यास' आणि 'उभे करावे' यांत कर्ता कोण, कर्म कोण, आणि मंगल कार्यालयाचे नियम इथे का, एवढेच मुद्दे मांडले. साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं बुडणाऱ्यानं होडीकडे पाहावं. "संहितेसाठी एक तटस्थ अध्यक्ष लागतोच," ते म्हणाले. "हे कोण?"

घरी येताना मी 'रत्नागिरी इंटरनेट सेवादार स्वयंशिस्त मंडळा'चा अध्यक्ष होतो. मंडळात सभासद दोन. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. वाढपी म्हणजे सर्व्हर, हे रात्रीच्या जेवणाला दीक्षानं सांगितलं. बिस्किटं म्हणजे 'कुकीज', एवढं सांगताना तिला हसू आवरेना आणि तो खुलासा अर्धाच राहिला. तो आजतागायत अर्धाच आहे.

मसुद्याला मी दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून बसलो. आमच्या घरात संविधानाची प्रत दर्शनी कपाटात असते, आणि दर वर्षी उद्देशिकेचं वाचन कॉलनीत माझ्याच आवाजात होतं. त्यामुळे संहिता म्हटलं की हात आपोआप त्या उंचीवरूनच सुरुवात करतो. मी लिहिलं, 'आम्ही, रत्नागिरीचे वायरधारक, आपल्या सर्व ग्राहकांस गतीचा व दर्जाचा समान लाभ निश्चितपणे प्राप्त करून देण्याचा गांभीर्यपूर्वक निर्धार करून...' इथे मी थांबून माझ्याच ओळीखाली रेघ मारली. सुनंदाला वाचून दाखवलं.

ती कोलंबी सोलत होती. "चांगलं हाय," ती म्हणाली. "वायर तुटली तर फोन कोणाला करायचा, ते कुठं हाय?"

"ते परिशिष्टात येईल."

"परिशिष्ट कुठं हाय?"

"लिहायचंय अजून."

ती पुन्हा कोलंबी सोलायला लागली. सुनंदा देवरूखकडची. त्या बाजूची माणसं बोलायचं थांबली की समोरच्यानं विचार करायला लागायचं असतं. मी लागलो नाही.

बातमी कॉलनीत पसरली आणि सल्ले यायला लागले. गोपाळकृष्ण रोज संध्याकाळी मधल्या दगडी गडग्यापलीकडून विचारायचे, "किती कलमं झाली?"

"वीस झाली."

"हापूस की पायरी?" स्वतःच्या विनोदावर ते स्वतःच हसायचे आणि मग मुद्द्यावर यायचे. त्यांच्या आंब्याच्या कलमांवरून वायर न्यायची असेल तर मोहोराच्या दिवसांत कुणी झाडावर चढू नये, असं एक कलम हवं. माझ्या कलमांत त्यांच्या कलमांसाठी एक कलम मी घातलं. मालनमावशी मासे घेऊन येतात, त्यांचं म्हणणं, मुलगी सासरहून फोनवर बोलते तेव्हा जावई चेहरा दाखवत नाही, त्याचं काहीतरी करा. पलीकडच्या गल्लीतल्या एका आजोबांना नातू जेवेपर्यंत नेट बंद ठेवण्याची तरतूद हवी होती, तर त्याच घरातल्या नातवानं गुपचूप येऊन आजोबांच्या सुप्रभात संदेशांवर मर्यादा घालण्याची विनंती केली. दोघांनाही मी 'विचाराधीन' असं उत्तर दिलं. इतक्या दिवसांनी तो शब्द वापरायला मिळाला, बरं वाटलं.

मसुदा कचेरीत गेला आणि परत आला. डावीकडे समास कमी सोडला होता. पुन्हा गेला, पुन्हा आला. शीर्षकात 'स्वयंशिस्त' आणि आत 'स्वनियमन', तर नक्की काय? ते एक केलं. तिसऱ्यांदा शेरा आला, 'मसुद्यात वांदर या वन्यप्राण्याचा उल्लेख आहे, सबब संबंधित खात्याचा अभिप्राय जोडावा.' आता अभिप्राय आणायला गेलो असतो तर दीक्षाचं लग्न होऊन तिची मुलं कामाला लागली असती. मी 'वांदर' काढून 'झाडावरील अनधिकृत हालचाल' असं घातलं. मंजूर झालं.

सह्यांचा समारंभ आमच्याच हॉलमध्ये झाला. बाळा आणि दमयंती दोन टोकांना बसले, मधे मी. मुख्य कलमं मी वाचून दाखवली. एका खांबावर दोघांच्या वायरी असतील तर एकानं चढण्यापूर्वी दुसऱ्यास लेखी सूचना द्यावी. दुसऱ्यानं लेखी संमती द्यावी. मग अध्यक्षांनी परवानगी द्यावी. एकाचा ग्राहक दुसऱ्यानं पळवू नये, घ्यायचाच असेल तर पहिल्याचं ना हरकत पत्र आणि अध्यक्षांची सही. आणि ज्या कलमाचा मला सर्वांत अभिमान होता ते, की अध्यक्षांनी स्वतःच्या घराशी किंवा नातेवाइकांशी संबंधित बाबीत सही करू नये. नि:पक्षपातीपणा म्हणजे काय, ते रत्नागिरीला दिसलं पाहिजे होतं. टाळ्या वाजल्या. फोटो निघाला. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत, पण ते चिंतनात आहेत असं समजायला जागा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडावर अनधिकृत हालचाल झाली आणि आमची वायर तुटली.

मी दमयंतीला फोन केला. एरवी ती दोन शिव्या घालून तासाभरात माणूस पाठवायची. आज तिचा आवाज गोड होता. "भाऊ, संहितेप्रमाणे बाळाला लेखी सूचना दिलीय. त्याचं उत्तर आलं की लगेच चढतो."

मी बाळाला फोन केला. "काका, आली सूचना. वाचतोय. तुम्हीच म्हणालात ना, घाईनं संमती देऊ नये, विचारपूर्वक द्यावी?"

म्हणालो होतो. तेही कलम होतं.

संध्याकाळी बाळानं संमती दिली. ती घेऊन दमयंतीचा माणूस माझ्याकडे आला. मी सहीसाठी पेन उघडलं आणि तसाच थांबलो. घर माझं. वायर माझ्या घराची. सही करायला मनाई, आणि मनाई करणारा मीच.

"मग सही कोण करणार?" दीक्षानं विचारलं.

"तशी तरतूद नाही."

"मग तरतूद करा."

"दुरुस्तीला सभा लागते. सभेला आगाऊ सूचना लागते."

"मग बाळादादांचं कनेक्शन घेऊ."

"त्याला ना हरकत लागते आणि..." मी उघडलेलं पेन बंद केलं. पुढचं तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी दीक्षाची गौरवसरांबरोबर मीटिंग होती. ती तिनं गच्चीवर टाकीला पाठ लावून, डोक्यावर छत्री धरून केली. ऑक्टोबरचं ऊन. मी खाली जिन्यात उभा राहून ऐकत होतो. ती इंग्रजीत छान बोलत होती, मग एकदम थांबली आणि किंचाळली. मी धावत वर गेलो. टाकीवर एक भलामोठा हुप्प्या बसला होता आणि दीक्षाच्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये बघत होता. स्क्रीनवर पुण्याची सहा माणसं तोंड उघडी ठेवून त्याच्याकडे बघत होती. मी पायातली चप्पल उगारली. त्यामुळे पुण्याच्या माणसांना शेवटचं जे दिसलं, ते म्हणजे लुंगीवर चप्पल उगारून धावत येणारा मी. मग रेंज गेली.

गौरवसरांचा फोन आला. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. परवा बाहेरच्या बड्या कंपनीसमोर दीक्षाला काम दाखवायचं होतं. "ते तू पुण्यात येऊनच कर," ते म्हणाले. "आणि त्यानंतरही इथेच राहा. घरी जमत नाहीये ना." घरून लाइन नीट चालते आहे असं उद्या रात्रीपर्यंत कळवलं, तरच ते ऐकणार होते.

दुपारी मी पडलो होतो. माळ्यावरून बॅग काढल्याचा आवाज आला. मी उठून गेलो नाही. बाहेर आलो तेव्हा सुनंदा ओट्याशी पाठमोरी उभी होती, आणि मासे तळायला टाकायचे सोडून नुसतीच तेलाकडे बघत होती.

संध्याकाळी एक कागद माझ्या हातात आला. दीक्षानं दिला. माझ्याच संहितेप्रमाणे तिनं रीतसर तक्रार केली होती. तक्रारदार, दीक्षा गंगाराम तांबे. प्रतिवादी, अध्यक्ष.

"हे काय?"

"तक्रार आली की दुसऱ्या दिवशी सुनावणी. त्याला आगाऊ सूचना लागत नाही. मी सगळी कलमं वाचली, पप्पा." तिनं हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला तिचा राग यायच्या आधी अभिमानच वाटला. अख्ख्या रत्नागिरीत ती संहिता पूर्ण वाचलेली ती एकटीच होती. त्यात मी धरलेला नाही.

सुनावणीला बाळा आला, दमयंती आली, आणि बोलावलं नसताना गोपाळकृष्ण आले. प्रतिवादीला अध्यक्षांच्या खुर्चीत बसता येत नाही, असं गोपाळकृष्णांनीच सुचवलं. मला स्वयंपाकघरातलं स्टूल देण्यात आलं. ते बुटकं आहे. त्यावर बसलं की माणूस आपोआप गुन्हेगार दिसतो. तेवढ्यात सुनंदा चहाचा ट्रे घेऊन आली. बसायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून ती त्या रिकाम्या खुर्चीत बसली.

दीक्षा बोलायला उठली. तिनं कागद उघडला, मग मिटला. "मला जायचं नाहीये," ती म्हणाली. एवढंच. बाकीची तक्रार तिनं वाचलीच नाही.

मी स्टुलावरून उठलो. "मला निवेदन करायचं आहे," मी म्हणालो, आणि सवयीनं 'सन्माननीय' असा आरंभ केला. पण पुढचं वाक्य येईना. इतकी कलमं सुचलेल्या माणसाला एक वाक्य सुचेना. शेवटी म्हटलं, "चूक माझी आहे. पोरगी चाललीय माझ्यामुळे." आणि बसलो. स्टूल किंचित कुरकुरलं.

मग सुनंदानं कप खाली ठेवला.

"बाळा, तुझी वायर कुठपर्यंत येते?"

"जोगळेकरांच्या गडग्यापर्यंत, काकी."

"दमयंती, तुझी तुटली कुठं?"

"तिथंच, वहिनी."

"म्हणजे एकमेकींच्या बाजूलाच हायत. मग आज बाळाची आमच्याकडे आण, तुझी नीट होईपर्यंत."

"पण वहिनी, ग्राहक माझा!" दमयंती म्हणाली.

"पैसे तुलाच मिळतील. बाळा, तुझी तुटली की दमयंती देईल. हाय कबूल?"

बाळा डोकं खाजवू लागला. "काकी, पण असं धंद्यात..."

"धंद्याचं मला नाय कळत." सुनंदाचा आवाज चढला नाही. "तुझी लेक शाळेचा अभ्यास कशावर करते? तुझ्याच नेटवर ना? दोन महिन्यांपूर्वी तुझी लाइन गेली, तेव्हा तिची परीक्षा होती. पोरगी रडत इथं आली. दमयंतीच्या नेटवर बसली या टेबलाशी. तुला सांगू नको म्हणाली."

बाळानं दमयंतीकडे पाहिलं. दमयंतीनं खिडकीकडे पाहिलं. "मला म्हायत होतं," ती म्हणाली. "बसू दे म्हटलं. पोर हाय."

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी त्या दिवशी घरातच होतो. बहुधा पेपर वाचत होतो.

बाळानं खिशातली पक्कड काढली. एक क्षण सगळेच दचकलो. "चल गो," तो दमयंतीला म्हणाला, "उजेड हाय तोवर." दोघं उठले आणि खांबाकडे निघाले. लेखी सूचना, लेखी संमती आणि अध्यक्षांची परवानगी, तीनही गोष्टी ते वाटेतच विसरले. गोपाळकृष्ण त्यांच्या मागे धावले, "मोहोराचं कलम, अहो, मोहोराचं कलम!" म्हणून ओरडत. मोहोराला अजून अवकाश होता.

दिवेलागणीला राउटरचा दिवा हिरवा झाला. दीक्षानं तिथूनच गौरवसरांना व्हिडिओवर फोन लावला. ते म्हणाले, "अरे वा, चेहरा दिसतोय. माकड नाही ना?" मी पडद्यामागे होतो. पडद्यामागेच राहिलो.

बड्या कंपनीसमोरचं काम दीक्षानं घरूनच दाखवलं. चांगलं झालं असावं, कारण संध्याकाळी तिनं स्वतः जाऊन सुरमई आणली. बॅग केव्हा माळ्यावर गेली ते मी पाहिलं नाही, पण गेली.

मंडळ अजून आहे. पुढच्या सभेत एकमतानं ठराव झाला. मंडळाचा तो पहिलाच एकमताचा ठराव, आणि तो मला अध्यक्षपदावरून दूर करण्याचा होता. आता सुनंदा अध्यक्ष आहे. माझी कलमं रद्द झाली आणि त्यांच्या जागी एकच वाक्य आलं, ते तिनं सांगितलं आणि मी शुद्धलेखनासह लिहिलं, 'एकाची तुटली तर दुसऱ्यानं द्यायची, भांडण नंतर.' कचेरीनं विचारलं आहे की 'भांडण नंतर' म्हणजे नेमकं किती नंतर. ते पत्र विचाराधीन आहे. भांडणं होतात, पण वेगळी. परवा गोपाळकृष्णांची लाइन गेली तर बाळा आणि दमयंती दोघंही एकाच वेळी शिडी घेऊन आले, आणि आधी कोण देणार यावरून त्यांचं गडग्यावर जुंपलं. गोपाळकृष्णांची तोवर क्रिकेटची शेवटची षटकं चुकली.

दीक्षाची मीटिंग असली की मी ओटीवर बसतो. कुणी मोठ्यानं हाक मारू नये, गॅसवाल्यानं सिलिंडर आपटू नये, हे बघायला. मालनमावशी पाटी घेऊन आल्या की मी तोंडावर बोट ठेवतो. त्या पाटी हळू उतरवतात आणि कुजबुजत विचारतात, "नेट हाय काय?"

आतून दीक्षाचा इंग्रजी आवाज येत असतो. मला त्यातलं फारसं कळत नाही.

"आहे," मी सांगतो. "घरातच आहे."